साडेचार हजारांचा एसडीआर डोंगल आणि एकदाचा कळलेला आय-क्यू

सहा महिने झाले हा एसडीआर (सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ) डोंगल वापरतोय, म्हणजे अँटेनाच्या सिग्नलचे आकडे करून लॅपटॉपला देणारी यूएसबीची काडी, लिहू लिहू म्हणत राहूनच गेलं. आता भाचीनं तो हॉस्टेलवर नेलाय आणि माझ्या टेबलावर नुसती केबल लोंबतीय, तेव्हा म्हटलं आठवतंय तोवर लिहून टाकूया. इंजिनीअरिंगला ज्यांचं सिग्नल्स अँड सिस्टीम्स पाठ करून सुटलं आणि ज्यांना अजून आतून खात्री नाही की कॉम्प्लेक्स सिग्नल, म्हणजे आय आणि क्यू अशा दोन आकड्यांच्या जोडीचा सिग्नल, म्हणजे नेमकं काय, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितोय. रेडिओ ऐकायला म्हणून घेणार असाल तर चारशे रुपयांचा साधा एफएम रेडिओ बरा, सरळ सांगतो.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत पॅनेल आणि ड्राइव्हचं काम करतो, शिक्षण ईअँडटीसीचं (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन). भाची तिसऱ्या वर्षाला आहे, तीही ईअँडटीसीच. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली होती तेव्हा वही घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "मामा, हे 'जे' (j) म्हणजे नक्की काय असतंय ओ? सर म्हणत्यात वर्गमूळ उणे एक, ते ठीक आहे, पण अँटेनाला वायर एकच असतीय की, मग त्यातनं दोन आकडे कुठनं येतात?" मी सांगायला सुरुवात केली आणि दोन मिनिटांत थांबलो. मला सूत्र येत होतं, ऑयलरचं समीकरण येत होतं, पण तिच्या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. एवढी वर्षं झाली पास होऊन. त्याच रात्री डोंगल मागवला.

ब्रँडचं नाव देत नाही, कारण बहुतेक सगळ्यांच्या पोटात तीच जोडी असते, रिअलटेकची आरटीएल२८३२यू चिप आणि राफाएल मायक्रोचा आर८२०टी२ ट्यूनर. मुळात ही चिप लॅपटॉपवर डिजिटल टीव्ही बघायच्या काडीसाठी केलेली, २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं की ही चिप टीव्हीचं डिकोडिंग बाजूला ठेवून कच्चे आकडे सरळ यूएसबीवर देऊ शकते, आणि तिथनं पुढं ही काडी जगभर हौशी लोकांच्या हातात गेली. साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ट्यून होते, सेकंदाला २४ लाख सॅम्पल (म्हणजे सिग्नलची मोजमापं) बिनघोर देते, वर ३२ लाखांपर्यंत नेता येतं पण मग मधलेच सॅम्पल गळायला लागतात. मी घेतला तो अ‍ॅल्युमिनियमच्या डबीतला, एसएमए कनेक्टरवाला, १ पीपीएमच्या (दहा लाखात एक एवढीच चूक) टीसीएक्सओ क्रिस्टलचा, म्हणजे तापमान बदललं तरी फ्रिक्वेन्सी न सरकणाऱ्या. सोबत दोन काड्यांचा डायपोल अँटेना, छोटा ट्रायपॉड आणि खिडकीच्या काचेला चिकटवायचा सक्शन कप. ट्रायपॉड चांगला आहे, सक्शन कप आमच्या काचेवर दोन दिवस पण टिकला नाही.

आधी एक स्वस्तातला प्लॅस्टिकचा पण मागवून बघितला होता, कुणाकडनं ते जाऊ दे. त्याचं क्रिस्टल चालू केल्यापासून तापेपर्यंत सरकतच राहायचं. एफएमला चालून जातं ते, कारण १०२.७ मेगाहर्ट्झवर ५० पीपीएमची चूक म्हणजे ५ किलोहर्ट्झ, दोनशे किलोहर्ट्झ रुंदीच्या स्टेशनला त्याचं काही वाटत नाही. पण तीच चूक १०९० मेगाहर्ट्झवर, जिथं विमानं आपली माहिती पाठवतात तिथं, ५४ किलोहर्ट्झची होते. आणि डिजिटल सिग्नल बघायला गेलं की ही चूक कशी दिसते ते पुढं सांगतो, ते बघितल्यावर मी टीसीएक्सओला पैसे टाकल्याचं अजिबात वाईट वाटून घेतलं नाही.

इन्स्टॉलेशनमध्ये एकच जागा अडचणीची. विंडोजवर झाडिग नावाच्या टूलनं ड्रायव्हर बदलायला लागतो, तिथं यादीतनं 'बल्क-इन, इंटरफेस ०' असंच लिहिलेलं निवडायचं, घाईत दुसरंच काहीतरी निवडलं तर कीबोर्ड नाहीतर माऊसचा ड्रायव्हर उडतो. लिनक्सवर उलटं, तिथं टीव्हीचा ड्रायव्हर आधीच डोंगल धरून बसतो, त्याला ब्लॅकलिस्टमध्ये टाकायचं. एवढं झालं की एसडीआर प्लस प्लस नावाचं सॉफ्टवेअर उघडा, प्ले दाबा, धबधब्यासारखा वॉटरफॉल सुरू, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती जोर आहे ते रंगात दाखवणारं सरकतं चित्र. आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ वर, टोमॅटो एफएम ९४.३ वर, ठळक उभे पट्टे दिसतात, क्लिक केलं की आवाज. पहिल्या संध्याकाळी घरातले सगळे बघायला जमले आणि अर्ध्या तासात सगळे उठून पण गेले. भाची मात्र बसून राहिली. "आवाज आला की ओ, पण माझं 'जे' कुठाय?"

आणि उत्तर मिळालं ते डोंगलमधनं नाही, आधी डोक्यावरच्या पंख्यातनं मिळालं.

आमच्या माडीवरच्या खोलीतल्या पंख्याचा कंडेन्सर गेला होता. बटण दाबलं की पंखा नुसता घुमायचा, हलायचा नाही. काठीनं ढकलला की हळूहळू फिरायला लागायचा. तिला म्हटलं आता उलट्या बाजूला ढकल बघू. तिनं थांबवून उलटा ढकलला, तर तो उलटाच फिरायला लागला! हे आपल्याकडं प्रत्येकानं घरात कधी ना कधी बघितलेलं असतं, पण त्यात काय दडलंय ते मला त्या दिवशी दिसलं. पंख्यात दोन वायंडिंग असतात. एकाच वायंडिंगला करंट असेल तर चुंबकीय क्षेत्र नुसतं पुढं-मागं, पुढं-मागं धडकत राहतं, आणि मोटरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की असं पुढं-मागं होणारं क्षेत्र म्हणजे प्रत्यक्षात दोन फिरती क्षेत्रं, एक सुलटं आणि एक उलटं, दोन्ही निम्म्या-निम्म्या ताकदीची. म्हणून पंख्याला कळतच नाही कुठं फिरायचं, ढकलाल तिकडं जातो. दुसऱ्या वायंडिंगला कंडेन्सरमधनं करंट दिला की तो पहिल्यापेक्षा जवळपास ९० अंश पुढं असतो, दोन्ही मिळून क्षेत्र खरंच गोल फिरतं आणि दिशा ठरते. वायंडिंगची जोडणी उलटी केली तर पंखा उलटा.

आता यातलं 'वायंडिंग' काढा आणि 'सॅम्पल' घाला. आय म्हणजे पहिली वायंडिंग. क्यू म्हणजे कंडेन्सरवाली, ९० अंशांनी सरकलेली. एकटा कोसाइन म्हणजे कंडेन्सर गेलेला पंखा, त्यात सुलटी आणि उलटी दोन्ही फिरकी निम्मी-निम्मी भरलेली, आणि ऑयलरचं समीकरण फिरवून लिहिलं की नेमकं हेच येतं, कोसाइन म्हणजे दोन विरुद्ध फिरणाऱ्या बाणांची (आय आडवा आणि क्यू उभा धरला की होतो तो बाण) निम्मी बेरीज. निगेटिव्ह फ्रिक्वेन्सी म्हणून जे आम्हाला भुतासारखं शिकवलं ते हेच, उलट्या दिशेनं फिरणारा पंखा. त्यात भुताटकी काही नाही. सेकंदाला उणे पाच फेऱ्या म्हणजे उलट्या बाजूनं पाच फेऱ्या, बस्स.

भाचीनं खिशातनं कंडेन्सर काढल्यासारखा चेहरा केला (नवा अडीच मायक्रोफॅरडचा मी आणून ठेवलाच होता), म्हणाली, "म्हणजे डोंगलनं दिलेल्या आकड्यातनं क्यू काढून टाकला तर पंखा बंद पडायला पाहिजे." इथनं पुढचे दोन तास माझ्या दृष्टीनं या डोंगलची खरी किंमत आहेत.

डोंगल १०२.२ मेगाहर्ट्झवर ठेवला, म्हणजे आकाशवाणी मध्यापासून अधिक ५०० किलोहर्ट्झवर आली. दहा सेकंद रेकॉर्ड केलं, फाइल झाली ४८ एमबी, कारण सेकंदाला २४ लाख सॅम्पल आणि प्रत्येक सॅम्पलला दोन बाइट, एक आयचा एक क्यूचा, आलटून पालटून. पायथनमध्ये उघडली, एफएफटी काढली (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती जोर आहे ते काढणारं गणित), तर बरोबर मध्यावर भलामोठा सुळका आणि स्टेशन बाजूला बारकं. अर्धा तास आम्ही अँटेना हलवत बसलो. मग लक्षात आलं की हे बाइट ० ते २५५ असतात, उणे आकडे त्यात नाहीतच, म्हणजे शून्य धरायचं ते १२७.५ वर. तेवढे वजा केले आणि सुळका गेला, उजवीकडं आकाशवाणीचा टेकाड एकटा उभा. हे वजा करायचं विसरू नका, नवीन माणूस हमखास इथं अडकतो.

मग तिनं क्यूच्या जागी सगळीकडं शून्य भरलं आणि परत एफएफटी काढली. उजवीकडचा टेकाड ६ डीबीनं, म्हणजे व्होल्टेजच्या हिशोबात निम्म्यानं, खाली आला आणि डावीकडं, उणे ५०० किलोहर्ट्झवर, जिथं कोल्हापुरात काही लागत नाही तिथं, हुबेहूब त्याचं प्रतिबिंब उभं राहिलं. आरशात बघितल्यासारखं. निम्मं इकडं, निम्मं तिकडं. कंडेन्सर काढलेला पंखा समोर स्क्रीनवर होता. पोरगी दोन मिनिटं काही बोललीच नाही, नुसती बघत होती, मग हळूच क्यू परत घातला आणि डावीकडचा टेकाड नाहीसा झाला, परत काढला, परत आला. चार-पाच वेळा केलं तसं.

त्यानंतर आय आणि क्यूची अदलाबदल. स्टेशन उजवीकडनं उठून डावीकडं गेलं. जोडणी उलटी केली, पंखा उलटा. त्या उलट्या जागेवर पण आवाज तोच येतो बरं का, कारण एफएममध्ये फिरकी उलटी झाली तर स्पीकरचा कोन आत जायच्या ऐवजी बाहेर येतो, कानाला फरक कळत नाही. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, लोकांच्या एसएसबीमध्ये (फ्रिक्वेन्सीची एकच बाजू, म्हणजे एकच साइडबँड पाठवतात त्यात) मात्र अशी अदलाबदल झाली तर वरची साइडबँड खालची होते आणि माणूस काय बोलतोय काही कळत नाही.

अजून एक गोष्ट इथंच सुटते. नायक्विस्टचा सॅम्पलिंगचा नियम म्हणतो सॅम्पलिंग रेटच्या निम्मीच बँडविड्थ मिळते, आणि इथं २४ लाख सॅम्पलला पूर्ण २.४ मेगाहर्ट्झ दिसतात, हे कसं काय असा प्रश्न मला पण पडला होता. उत्तर हेच, उजवी बाजू आणि डावी बाजू वेगवेगळी ओळखता येते म्हणून. उणे १.२ ते अधिक १.२. शिवाय एका सॅम्पलमध्ये आकडे दोन आहेत, काही फुकट मिळालेलं नाही.

पुढच्या रविवारी एफएम स्वतः डिमॉड्युलेट करायचं, म्हणजे सिग्नलमधनं आवाज स्वतः काढायचं ठरलं, कुठलं तयार सॉफ्टवेअर नाही. स्टेशन मध्यावर आणायला उणे ५०० किलोहर्ट्झनं फिरणाऱ्या बाणानं गुणायचं. इथं पण कॉम्प्लेक्सचा फायदा उघड दिसतो, साध्या कोसाइननं गुणलं तर स्टेशन दोन्हीकडं सरकतं, एक मध्यावर येतं आणि दुसरं अधिक १ मेगाहर्ट्झवर जातं, फिरत्या बाणानं गुणलं की अख्खं स्पेक्ट्रम एकाच बाजूला सरकतं. मग फिल्टर लावून दहाला एक सॅम्पल ठेवला, २ लाख ४० हजारांवर आलो. आणि काही करायच्या आधी तिनं ते सॅम्पल नुसते ग्राफवर ठिपके म्हणून टाकले, आय आडवा, क्यू उभा.

बांगडी. गोल, थोडी जाड कडेची, मधी पूर्ण रिकामी बांगडी.

मी एफएमचं वर्णन 'कॉन्स्टंट एन्व्हलप' असं परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत, पण ते दिसतं असं हे मला माहीत नव्हतं. बाणाची लांबी बदलत नाही, म्हणून ठिपके वर्तुळ सोडत नाहीत, सगळी बातमी, सगळी गाणी त्या वर्तुळावर किती जोरात पळायचं यात आहेत. बाण सुलटा जोरात फिरला की आवाजाची लाट वर, उलटा फिरला की खाली. एफएम ब्रॉडकास्टला ७५ किलोहर्ट्झपर्यंत डेव्हिएशन असतं, म्हणजे फ्रिक्वेन्सी मध्यापासून तेवढी इकडं-तिकडं सरकते, म्हणजे २ लाख ४० हजारच्या रेटला एका सॅम्पलपासून दुसऱ्यापर्यंत बाण जास्तीत जास्त ११२.५ अंश वळेल, १८० च्या आत, म्हणून दिशा चुकत नाही. अँटेना खिडकीतनं काढून कपाटामागं ठेवली तर बांगडी वाकडी-तिकडी आणि जाड झाली, भिंतीवरनं परतून आलेला सिग्नल मूळ सिग्नलमध्ये मिसळला की लांबी हलायला लागते, ते पण दिसलं.

डिमॉड्युलेशन म्हणजे एक ओळ. आत्ताचा सॅम्पल गुणिले आधीच्या सॅम्पलचा कॉन्जुगेट (क्यूचं चिन्ह उलटं केलेला), आणि त्याचा अँगल. दोन बाणांमधला कोन, दुसरं काही नाही. पाचाला एक ठेवून ४८ हजारवर आणलं, फाइल वाजवली, आणि त्या दहा सेकंदांत आकाशवाणीच्या निवेदिकेचा आवाज, थोडा तीक्ष्ण, सुईसारखा, पण स्पष्ट शब्द. स्वयंपाकघरातनं ताई ओरडली, "रेडिओ लावलायसा काय रे?" तीक्ष्णपणा ५० मायक्रोसेकंदाचं डी-एम्फसिस (स्टेशननं वाढवून पाठवलेले वरचे सूर परत खाली आणणारा फिल्टर) लावल्यावर गेला, भारतात एफएमला तेवढंच वापरतात, अमेरिकेतल्या लोकांचा कोड उचलला तर तिथं ७५ असतं, ते बदलून घ्या.

आता तिचा मूळ प्रश्न, वायर एक तर आकडे दोन कुठनं. पुस्तकात चित्र असतं की अँटेनाचा सिग्नल दोन मिक्सरना जातो, एकाला कोसाइन, दुसऱ्याला ९० अंश सरकवलेला, आणि दोन वेगळ्या वाटांनी आय आणि क्यू बाहेर येतात. म्हणजे सिग्नल एकच, आपण तो दोन घड्याळांशी ताडून बघतो. बऱ्याच रेडिओत खरंच तसंच असतं, आणि तिथं दोन वाटा अगदी सारख्या नसल्या तर समोरच्या बाजूला फिकट प्रतिबिंब उमटतं, म्हणजे कंडेन्सर अर्धवट गेल्यासारखं, वर मध्यावर डीसीचा सुळका. या डोंगलमध्ये मात्र गंमत वेगळी आहे. आर८२०टी२ ट्यूनर सिग्नल ३.५७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या आयएफवर (मधल्या, खालच्या फ्रिक्वेन्सीवर) आणतो, एकाच वाटेनं, रिअलटेकची चिप तो २८.८ मेगाहर्ट्झनं मोजते, आणि मग आकड्यांनाच कोसाइन आणि साइननं गुणून आय-क्यू तयार करते. म्हणजे ९० अंशाचं काम कुठल्या कंडेन्सरवर, रेझिस्टरवर अवलंबून नाही, शुद्ध गणित आहे, म्हणून दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. एवढ्या स्वस्तातल्या काडीचं स्पेक्ट्रम इतकं स्वच्छ का दिसतं याचं हे एक कारण आहे, आणि शिकायला ही सगळ्यात सोयीची गोष्ट, कारण आपण क्यू काढल्यावर जे प्रतिबिंब दिसतं ते आपण केलेलंच असतं, हार्डवेअरची लबाडी नसते.

थोडं विषयांतर करतो. मला आता मनापासून वाटतं की 'काल्पनिक संख्या' हे नाव पोरांचं नुकसान करतं. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात सांगितलं होतं की ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ऋण संख्या कुणाचा वर्गच नसते, आणि रेषेवरच्या संख्यांपुरतं ते अगदी बरोबर आहे. पुढं युरोपात रेषेच्या बाहेर, तिला ९० अंशात, दुसरी रेषा काढली आणि 'जे' म्हणजे चौथाई वळण झालं. दोनदा चौथाई वळा, तोंड उलटं, म्हणजे उणे एक. माझ्या पंख्यातली दुसरी वायंडिंग काल्पनिक नाही, तांब्याची आहे, शॉर्ट झाली तर जळते. कॉम्प्लेक्स नंबरला मराठीत 'संमिश्र संख्या' म्हणतात ते चांगलं नाव आहे, तेवढंच ठेवायला पाहिजे होतं. असो.

डिजिटल सिग्नलकडं येतो, कारण खरं कौतुक तिथं आहे. रशियाचे मेटेओर मालिकेतले हवामान उपग्रह १३७.९ मेगाहर्ट्झवर चित्र पाठवतात, एलआरपीटी म्हणतात त्याला, सेकंदाला ७२ हजार सिम्बॉल, क्यूपीएसके जातीचं मॉड्युलेशन. त्यासाठी गच्चीवर ५३ सेंटीमीटरच्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या काड्या १२० अंशात व्ही आकारात आडव्या लावल्या, डोंगलसोबतचा डायपोल पण तेवढा लांब होतो. घर साने गुरुजी वसाहतीत असल्यानं गच्चीवरनं आभाळ बऱ्यापैकी मोकळं मिळतं. सॅटडंप नावाचं सॉफ्टवेअर लावलं. उपग्रह क्षितिजावर आला तेव्हा ठिपक्यांचा नुसता गोळा होता, धुरळा उडाल्यासारखा. वर चढत गेला तसा गोळ्याला मधनं चिरा पडायला लागल्या, आणि मग चार कोपऱ्यांत चार झुबके वेगळे झाले. प्रत्येक झुबका म्हणजे दोन बिट. इथं बातमी आहे ती बाण कुठल्या कोपऱ्यात उभा आहे यात. आकाशवाणी मीडियम वेव्हवर डीआरएम डिजिटल प्रक्षेपण करते त्यात हेच झुबके १६ किंवा ६४ असतात, म्हणजे एका ठिपक्यात चार किंवा सहा बिट, जागा तेवढीच, झुबके दाटीवाटीनं, म्हणून सिग्नल पण तेवढाच स्वच्छ लागतो.

आणि मघाशी म्हटलं ती पीपीएमची चूक इथं दिसते. फ्रिक्वेन्सी १०० हर्ट्झनं जरी चुकली तरी ते चार झुबके सेकंदाला १०० फेऱ्यांनी गरगर फिरतात आणि डोळ्याला चार ठिपक्यांच्या ऐवजी परत बांगडीच दिसते. उपग्रह जवळ येताना, लांब जाताना डॉप्लरनं सुमारे ३ किलोहर्ट्झ इकडं-तिकडं होतात ते वेगळंच. सॉफ्टवेअरमधला लूप ती फिरकी मोजून उलट्या बाजूला तेवढंच फिरवतो आणि ठिपके जागेवर थांबतात. भाचीनं तो लूप बंद करून बघितला, चालू करून बघितला, ठिपके फिरता फिरता खुंटीला अडकल्यासारखे थांबले तेव्हा ती स्वतःशीच म्हणाली, "हां, पंखा धरला." चित्र आलं त्यात कोकण किनारपट्टी आणि समुद्रावर ढगांच्या रांगा, एक पिक्सेल साधारण एक किलोमीटरचा. गोव्यापासून वर किनारा बोटानं दाखवता येत होता. आमच्या आईनं कोल्हापूर कुठाय म्हणून विचारलं, साधारण जागा दाखवली, तिथं नेमका ढग होता.

आता दोष, कारण आहेत.

आठ बिट. २५६ पायऱ्या म्हणजे ढोबळ मानानं ५० डीबीचाच आवाका, जोराचा सिग्नल शेजारी असला की बारीक सिग्नल त्या पायऱ्यांच्या खाली बुडतो. शहरात एफएमचे ट्रान्समीटर जवळ, गेन ४९.६ वर पूर्ण उघडला की १३७ मेगाहर्ट्झला पण एफएमची भुतं दिसायला लागतात. सॉफ्टवेअरमधला एजीसी (आपोआप गेन ठरवणारा) बंद करा, गेन हातानं शून्यापासून वर न्या आणि तळाची गवतासारखी नॉइजची रेष नुकती उचलायला लागली की थांबा. माझ्याकडं वीसच्या आसपास बरं चालतं. उपग्रहासाठी मी एफएम अडवणारा फिल्टर वेगळा घेतला, फरक लगेच दिसला.

घरातला गोंधळ. एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, सगळे नॉइज फेकतात. एकदा संध्याकाळी लाईट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, वॉटरफॉलवर त्या क्षणापासून खाली रंगच बदलला, पिवळ्याचा गडद निळा. एवढी घाण आपल्याच घरातनं येतीय हे कळायला पण हे यंत्र चांगलं आहे. मी कामावर व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह, बसवतो, शील्ड अर्थ करा म्हणून लोकांच्या मागं लागतो, आता चित्र दाखवून सांगतो.

२४ मेगाहर्ट्झच्या खाली, म्हणजे शॉर्टवेव्ह, मीडियम वेव्ह आणि तो डीआरएम, तिथं हा डोंगल कमजोर आहे. डायरेक्ट सॅम्पलिंग म्हणून मोड आहे, त्यात ट्यूनर वगळून अँटेना सरळ एकाच एडीसीला (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाला) जाते. एकच वाट, म्हणजे परत कंडेन्सर नसलेला पंखा. २८.८ मेगाहर्ट्झनं मोजलं तरी खरं ओळखता येतं ते १४.४ पर्यंतच, त्याच्या वरचं घडी पडून खाली येतं, २० मेगाहर्ट्झवरचं स्टेशन ८.८ वर पण दिसणार. भाचीला हे सांगावं लागलं नाही, तिनंच मला सांगितलं. शॉर्टवेव्हच करायचं असेल तर आत अपकन्व्हर्टर (खालची फ्रिक्वेन्सी वर नेणारं सर्किट) असलेला डोंगल घ्या, नाहीतर बाहेरनं जोडा.

तापतो पण बऱ्यापैकी. उन्हाळ्यात दुपारी डबीला हात लावून धरवत नाही, अजून काही झालेलं नाही, पण मी यूएसबीची छोटी एक्स्टेन्शन लावून लॅपटॉपपासून लांब ठेवतो, त्यानं लॅपटॉपचा नॉइज पण कमी होतो. अँटेनाची केबल लांबवण्यापेक्षा यूएसबीची लांबवलेली बरी, कोअॅक्समध्ये सिग्नल गळतो.

एक महत्त्वाचं, हा फक्त घेतो, पाठवत नाही. पाठवायचं असेल तर हॅमचं लायसन काढायला लागतं, परीक्षा असते, ती जरूर द्या. आणि ब्रॉडकास्ट, हॅम, उपग्रह सोडून जे आपल्यासाठी नाही ते ऐकत बसू नका.

ज्या पोरांना डीएसपीचा (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगचा) पेपर द्यायचाय त्यांनी चौघांत मिळून एक घेतला तरी पुरेल, कारण काम एकदा रेकॉर्ड केलेल्या फाइलवरच असतं, फाइल सगळ्यांनी वाटून घ्यायची. सिम्युलेशनमध्ये हे सगळं करता येतं हे मला माहिताय, कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही पण केलं होतं, पण तिथं सिग्नल आपणच बनवलेला असतो, त्यात आपल्याला माहीत नसलेलं काहीच नसतं. इथं १०२.७ वरची बाई कोण बोलतीय, काय बोलतीय हे माहीत नसताना तिचा आवाज त्या बांगडीतनं आपल्या हातानं बाहेर काढायचा असतो.

काल रात्री भाचीचा मेसेज आला. हॉस्टेलच्या गच्चीवर १०९० मेगाहर्ट्झ लावलंय, उजळाईवाडीला, कोल्हापूरच्या विमानतळावर, उतरणारं विमान पकडलं, ते पल्सचं असतं म्हणून नुसती बाणाची लांबी बघितली तरी चालतंय, अँगल लागत नाही, बरोबर का मामा? बरोबर आहे. डोंगल परत कधी देणार ते काही लिहिलेलं नाही, तेव्हा मी दुसरा मागवलाय, गुरुवारपर्यंत येईल.